आमचं काही नाही, पण सोसायटीत लहान मुलं आहेत

अशोक,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मुलुंडच्या त्या सोसायटीचा सेक्रेटरी आला होता. पांढराशुभ्र शर्ट, हातात निशिगंधाचा जाडजूड हार. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग कुणीतरी म्हणालं, ज्यांना दोन शब्द बोलायचेत त्यांनी पुढे या. पहिला उठला तो हाच. माइक हातात धरून, मान जराशी तिरकी करून म्हणाला, "अशोकभाऊंनी समाजातल्या दुर्लक्षित घटकांना हक्काचं छप्पर मिळवून दिलं. त्यांच्या या कार्यात आमच्या सोसायटीलाही खारीचा वाटा उचलता आला, हे आमचं भाग्य."

लोकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिले. हेमा तिथेच होती, वॉकरला टेकून. आत गर्दीत वॉकर फिरत नव्हता, म्हणून ती दारातूनच ऐकत होती. तिचं बोलणं तुला माहीत आहे. जीभ वळत नाही, एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई... हा... तेव्हाही... छानच... बोलत होता."

खरं आहे. तिला आणि नलिनीला घराबाहेर काढलं तेव्हाही तो असाच छान बोलत होता. याच आवाजात, जवळजवळ याच शब्दांत.

तुझ्या सुनीताने मला सांगितलं होतं की तूही बोल. मला जमलं नाही. त्याच्यानंतर त्या माइकला हात लावायची शिसारी आली. म्हणून आता लिहितेय. यातून तुझ्याबद्दल गोडगोड फारसं निघणार नाही. तुझी आठवण आली की तुझ्याबरोबर चढलेले ते जिने, ते हॉल, ते सोफे आणि त्या सोफ्यांवरची माणसं आठवतात, आणि मग गोड काही सुचत नाही.

तू मला पहिल्यांदा भेटलास तेव्हा मला आवडला नव्हतास. मी ज्या संस्थेत काम करते तिथे घरच्यांना नको झालेल्या बायका राहतात. कुणी मनाच्या आजारातून बरी झालेली, कुणी जन्मापासून अपंग. त्यांतल्या कितीतरी जणी कमावतात, स्वयंपाक करतात, बसने एकट्या जातात येतात. त्या संस्थेत राहतात याचं कारण एकच, बाहेर त्यांना कुणी घर देत नाही. ते घर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतचे एजंट पालथे घातले. प्रत्येकाने चहा पाजला. प्रत्येकजण म्हणाला, "ताई, फार मोठं काम करताय." एकाचाही परत फोन आला नाही.

तू चहा विचारला नाहीस. मुलुंड पूर्वेला जिन्याखालचं तुझं ते दुकान, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या चाव्या, आणि मी खुर्चीत टेकायच्या आत तुझे प्रश्न सुरू. "जिना चढते का? गोळ्या आपल्या आपण घेते का? गॅस बंद करायचं लक्षात राहतं? राग आला तर काय करते?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हैस विकत घेताय का हो?"

"मॅडम, घर कुणासाठी शोधायचं ते कळायला नको?" तू म्हणालास. "उद्या लिफ्ट बंद पडली तर तुम्ही येणार आहात का हिला उचलायला?"

मी तणतणत निघाले. संध्याकाळी तुझा फोन आला की दोन जागा आहेत, कधी बघायच्या.

नलिनी आणि हेमाला तू बघितलंस आणि पाच मिनिटांत तुला कळलं की त्यांची जोडी फोडायची नाही. नलिनी पन्नाशीची. तिचा आजार गोळ्यांनी कित्येक वर्षं ताब्यात आहे. सकाळभर पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. हेमा तिच्याहून बरीच लहान, पाय आणि जीभ जन्मापासून ताठर, डोकं मात्र आपल्या दोघांपेक्षा तेज. झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. हेमा नलिनीला गोळ्यांची आठवण करते, हिशेब बघते. नलिनी हेमाला आंघोळीला नेते, तिचे केस विंचरते. मी आठवड्यातून एक-दोनदा जाऊन बघणार. तळमजला किंवा चालू लिफ्ट, आणि वॉकर आत जाईल असं बाथरूम. त्यांना याहून जास्त काही नको होतं. सगळ्या मुंबईत उंचच उंच टॉवर उठतायत आणि ही एवढीशी जागा आपल्याला मिळेना.

आपलं पहिलं भांडण बोरिवलीच्या जागेवरून झालं. तू मालकाला सांगून टाकलंस, मावशी आणि भाची.

"खोटं कशाला?" मी म्हटलं. "त्यांनी काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा केला असता तर सोपं होतं. गुन्हेगारांना मी या वर्षात दोन फ्लॅट दिलेत. कुणी काही विचारलं नाही."

"आणि उद्या कळलं तर?"

"उद्याचं उद्या. आज त्यांना झोपायला दार आहे ना, कडी आहे ना."

काही महिने बरे गेले. नलिनीने ओट्याशेजारी कुंडीत पुदिना लावला. मग बाथरूमची गळती बघायला म्हणून मालकाची बायको आली आणि गळती बघून झाल्यावर तिने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. नलिनीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढला आणि कुणा औषधवाल्या भाच्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी तुला आणि मला बोलावणं. हॉलमध्ये एसी, काचेच्या टीपॉयवर खारे काजू. मालक मला म्हणाला, "आमचं काही नाही हो ताई, पण सोसायटीत लहान मुलं आहेत."

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर इतक्या ठिकाणी ऐकलं की कुणी "आमचं काही नाही" म्हणून तोंड उघडलं की मी पुढचं ऐकायच्या आधीच चपला शोधायला लागते. नलिनीने त्या इमारतीतल्या एकाही मुलाकडे वर मान करून बघितलं नव्हतं. उलट तीच त्यांच्या सायकलींना घाबरायची.

चावी परत द्यायला आपण दोघं गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं. मालकाची बायको तांब्यातून गोमूत्र घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात शिंपडत होती. आपल्याला बघून थांबली नाही, लाजलीही नाही. म्हणाली, "जरा शुद्ध करून घेतेय." तू चावी ओट्यावर ठेवलीस. त्या कुंडीकडे बघितलंस, ती नलिनीसाठी उचललीस आणि खाली उतरलास.

परत येताना पवईला तलावाशी तू स्कूटर थांबवलीस. मला वाटलं पेट्रोल संपलं. तू कठड्यावर बसलास आणि पाण्याकडे बघत सांगितलंस. तू शाळेत असताना घाटकोपरला तुम्ही एका घरात भाड्याने राहायला गेला होतात. वडिलांनी आडनाव अर्धवट सांगितलं होतं. गावाकडून एक पाहुणा आला, बोलता बोलता त्याच्या तोंडून सगळं निघालं, आणि आठवड्याभरात जागा सोडायला सांगितली. हातगाडीवर सामान चढत असताना मालकीण बादली घेऊन आली आणि तुमच्यासमोर ओटा धुवायला लागली. तुझी आई बघत उभी होती.

"आई काही बोलली?" मी विचारलं.

"म्हणाली, चला रे पोरांनो, बाजूला व्हा, पाणी अंगावर उडेल."

तू कुंडी मांडीवर घेऊन बसला होतास. त्या दिवसापासून आपण एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो, आणि तेव्हापासूनच तू मला पुढे ढकलायला लागलास. जागा बघायला गेलो की दाराशी म्हणायचास, "विद्या, तू हो पुढे. तुझं आडनाव चालतं." मला संताप यायचा. पण मी पुढे व्हायचे, आणि दाराची साखळी खरंच निघायची. तुझा चेहरा मागे दिसला की आतली बाई विचारायची, "हे कोण?" आणि मी सांगायचे, "एजंट आहेत." तू मुंडी हलवायचास. हे असलं काम करून आपण घर मिळवत होतो. चांगल्या कामाच्या गप्पा मारणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही.

मुलुंडला मात्र मी हट्ट धरला. या वेळी सगळं खरं सांगायचं. मालक म्हातारा, मुलीकडे नाशिकला राहायला गेलेला. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं, आजार, गोळ्या, वॉकर, काहीही न लपवता. त्याने शेवटी एवढंच विचारलं, "घर स्वच्छ ठेवतील ना?"

"तुमच्यापेक्षा," तू मागून ओरडलास, आणि म्हातारा हसला. तुला खरं वाटेना. "च्यायला, माणूस निघाला हा," असं तू दिवसभर म्हणत होतास. मी जिंकले असं मला वाटलं होतं.

मग इमारतीच्या पायऱ्या आल्या. दारापाशी तीनच, पण हेमाला तीन म्हणजे भिंत. तू उताराची परवानगी मागितलीस. कमिटीने सांगितलं, दर्शनी भाग बिघडेल. तू सुताराकडून प्लायवूडची फळी करून आणलीस, लावायची आणि काढायची. हेमा कामावर गेली की फळी गायब व्हायची. वॉचमन बिचारा तुला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "साहेब, मला वरून सांगितलंय, मी काय करू." रोज संध्याकाळी हेमा पायऱ्यांशी उभी राहायची आणि नलिनी वरून येऊन फळी शोधायची. कधी मीटर रूममागे, कधी कचऱ्याच्या डब्यांशी. शिकली-सवरलेली माणसं ती फळी लपवत होती, अशोक. बँकेत साहेब असलेली, मुलांना परदेशी पाठवलेली.

आणि मग ती मीटिंग. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलाशी सेक्रेटरी. नलिनीला कुणीतरी सांगितलं होतं की आज तुमची ओळख करून देणार. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि ताट भरून शंकरपाळे केले होते. ताट तिने टेबलाच्या कडेला ठेवलं आणि मागच्या खुर्चीत हात जोडून बसली.

सेक्रेटरी म्हणाला, "आमच्या सगळ्यांच्या मनात या भगिनींबद्दल सहानुभूतीच आहे. प्रश्न फक्त सुरक्षिततेचा आहे."

"कुणाच्या?" तू विचारलंस. "फळी यांची चोरीला जातेय."

तो हसला. तू अपंगांच्या हक्कांच्या कायद्याची प्रत काढून त्याच्यासमोर ठेवलीस. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावायचीच बाकी ठेवली, आणि म्हणाला, "कायद्याचा आम्ही आदरच करतो." प्रत फाइलखाली सरकवली. मग एक रिटायर्ड शिक्षिका उठल्या. गोड आवाज. म्हणाल्या, "अशांसाठी शांत, निसर्गरम्य जागा हवी. गर्दीत त्यांनाच त्रास होतो. मनोरीला बघा किती छान हवा आहे, समुद्र आहे."

तू म्हणालास, "हवा एवढी छान आहे तर बाई, तुम्हीच का जात नाही मनोरीला?"

कुणीतरी म्हणालं, भाषा सांभाळा. कुणीतरी म्हणालं, ही एजंट लोकं कमिशनसाठी काय वाटेल ते करतात. मागून एकजण हळूच म्हणाला, याचं आडनाव विचारा. तुला ऐकू आलं. मलाही आलं. मी उभी राहिले तर तू माझा हात धरून खाली बसवलंस. हेमाने बोलायला हात वर केला. सेक्रेटरीने तिला बोलू दिलं. तिने तोंड उघडलं, पहिला शब्द निघायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात लोक घड्याळं बघायला लागले. दोन बायका उठून निघून गेल्या. तिला म्हणायचं होतं, "मी इथलं भाडं भरते." तिने ते पूर्ण म्हटलं. ऐकायला अर्ध्याच खुर्च्या उरल्या होत्या.

शंकरपाळ्यांना एकानेही हात लावला नाही. ताट नंतर वॉचमनच्या केबिनमध्ये मिळालं. नलिनीने ताटावरचा रुमाल उचलून बघितलं आणि मला विचारलं, "गोड कमी झालं होतं का?"

आपण तक्रार केली. ती एका कचेरीत आहे, अजूनही आहे. तोवर नाशिकच्या म्हाताऱ्याला रोज फोन जायला लागले. कधी सेक्रेटरीचा, कधी शेजाऱ्याचा. त्याची मुलगी वैतागली. शेवटी म्हातारा मला म्हणाला, "मला माफ करा, माझं वय झालं." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. तू मात्र रागावलास, माझ्यावर. "सांग अजून खरं," म्हणालास. मी म्हटलं, "तुझ्या खोट्याने काय झालं होतं?" बोरिवलीला लपवून हाकललं, मुलुंडला सांगून हाकललं. कोणाचं बरोबर होतं हे आपलं कधी ठरलंच नाही, आणि आता ठरणार नाही. मला वाटतं आपण दोघं एकमेकांशी भांडत राहिलो, कारण ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे सहानुभूती दाखवत होते.

त्या दोघी परत संस्थेत आल्या. हेमा जेवेना. मग एक दिवस तू टेम्पो घेऊन दारात उभा. "चला, आईची खोली रिकामी आहे, कांजूरला."

तुझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बैठ्या घरांच्या रांगेतली तळमजल्याची खोली, पुढे ओटा, आत मोरीच्या जागी नवं बाथरूम. जागा चांगली होती. पण वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास थेट उशाशी यायचा. पहिल्याच दुपारी मी नाकाला पदर लावला आणि बोलून गेले, "शेवटी यांना कचऱ्याशेजारीच आणून ठेवायचं का आपण?"

तू हातातली पेटी खाली ठेवलीस. "माझी आई तीस वर्षं राहिली इथे. ती कचरा होती का, विद्या?"

मी काही बोलायच्या आत तू स्कूटर काढून गेलास. दुसऱ्या दिवशी फोनवर नळाचं बोललो, लाइटचं बोललो, ते सोडून सगळं बोललो. आता सांगते. तसं मी म्हणत नव्हते. तुझ्या आईला भेटले होते मी. पण ज्या वासाची तिला सवय करून घ्यावी लागली, त्याची सवय या दोघींनी पण का करून घ्यायची, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. शहराला जी माणसं नकोत ती, आणि शहराचा उकिरडा, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात हे लोक. तू त्यावर काहीतरी खमंग बोलला असतास. ते ऐकायचं राहिलं.

तू गेलास ती दुपार मी हेमाकडून आणि नलिनीकडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथेच होते असं वाटतं. तू बाथरूममध्ये हेमाला धरायला स्टीलचा दांडा बसवत होतास. बाहेर आलास, "जरा पाणी दे," म्हणालास आणि जमिनीवरच बसलास. शर्ट घामाने भिजलेला. हेमाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिचे दोन शब्द ऐकले आणि म्हणाला, "बाई, दारू पिऊन फोन करू नका." ठेवून दिला. तिने परत लावला. त्याने परत ठेवला. मग तिने मला लावला, कारण मला तिचं बोलणं कळतं. मी गाडी पाठवायला लावली, पण ती यायला वेळ लागणारच होता.

तोवर नलिनी रस्त्यावर धावली. गाऊनमध्ये, हाताला कणीक, केस सुटलेले, ओरडत. लोक बाजूला झाले. एकाने मोबाइल काढून तिचं शूटिंग केलं. नंतर ते त्या गल्लीत सगळ्यांच्या फोनवर फिरलं, वेडी बाई रस्त्यावर म्हणून. तो जो कोण आहे त्याला मी शोधतेय, आणि सापडला तर काय करीन मला माहीत नाही.

थांबली ती एक कोळीण. घरोघर मासे विकून परत निघालेली. तिने पाटी रस्त्याच्या कडेला टाकली, रिक्षा अडवली, आत आली आणि नलिनीला म्हणाली, "रडू नको गो, पाय धर त्याचे." दोघींनी तुला उचलून नेलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. त्यांनी ते माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल. माझं समाधान झालं नाही. हेमाचं तर नाहीच. ती अजून विचारते, मी नीट बोलले नाही का.

तुझ्या नातेवाइकांत काय बोललं गेलं ते तुला कळू नये असं वाटत होतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. "त्या वेडीच्या घरात गेला," असं बोललं गेलं. तिने काही पाजलं असेल, इथपर्यंत. आणि मग तुझा प्रणय माझ्याकडे आला. गुणी मुलगा आहे, पवईला ऑफिस, स्वच्छ बोलणं. म्हणाला, "विद्याकाकू, माझा त्यांच्यावर राग नाही. पण ती खोली आता मोकळी करायला हवी. बाबा तिथेच गेले, आईला त्रास होतो. आणि उद्या माझं लग्न होईल, मुलं होतील..."

तुझ्या अजून जन्मालाही न आलेल्या नातवंडांना या दोघींची भीती होती, अशोक. तुझ्या घरात. ज्या बाईसमोर ओटा धुतला गेला तिच्या नातवाच्या तोंडात तेच वाक्य. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं आणि त्याला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं, कारण बोलताना मान हलवायची त्याची पद्धत थेट तुझी आहे.

सोमवारी सुनीता म्हणाली, मला त्या बायकांना भेटायचंय. मी, ती आणि प्रणय कांजूरला गेलो. मी मनातून तयारी केली होती, टेम्पो कुठून आणायचा इथपर्यंत. सुनीता तुझ्या आईच्या खाटेवर बसली. नलिनी भिंतीला चिकटून उभी. हेमा खुर्चीत, ओठ घट्ट मिटून.

सुनीता म्हणाली, "मला सगळं सांगा. काय काय झालं ते."

नलिनीने सांगितलं. तिला सजवून सांगता येत नाही, जसं झालं तसंच सांगते. घाम, पाणी, रस्ता, कोळीण, रिक्षा. रिक्षात तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं, हेही सांगितलं.

"काही बोलले?"

"हो," नलिनी म्हणाली. "म्हणाले, दोन स्क्रू राहिलेत, हेमाला अजून त्याला धरू देऊ नको."

सुनीताने डोळ्यांना पदर लावला. मग उठली, बाथरूममध्ये गेली, दांडा हलवून बघितला. तो खरंच हलत होता. बाहेर येऊन प्रणयला म्हणाली, "नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. स्क्रू घेऊन ये."

"आई, अगं आपण बोललो होतो ना..."

"तू बोललास. मी ऐकत होते." ती परत खाटेवर बसली. "ऐक. तुझ्या बाबांनी ही खोली मला न विचारता दिली. त्याचा मला राग आहे, आजही आहे. ते असते तर मी भांडले असते. पण रिक्षात ते कुणाच्या मांडीवर होते ते ऐकलंस ना? मग बस." आणि नलिनीकडे वळून, "फुकट नाही राहायचं. भाडं द्यायचं. करार माझ्या नावाने होईल."

"देऊ," नलिनी म्हणाली. "पगार आहे मला."

"माझा... पण," हेमा म्हणाली.

प्रणय स्क्रू आणायला गेला. आला, आणि कुणाशी न बोलता दांडा बसवून निघून गेला. तो बदलला असं मी म्हणणार नाही. त्याने स्क्रू घट्ट बसवले एवढं मी बघितलं. आणि सुनीताबद्दल एक सांगते. एवढी वर्षं तू तिला या कामापासून लांब ठेवलंस, तिला जमणार नाही म्हणायचास. तू तिला ओळखलं नव्हतंस.

दारावर नावं घालायचं सुनीतानेच काढलं. पाटी रंगवणारा आला तेव्हा त्याने विचारलं, पूर्ण नावं सांगा. नलिनीने मानेनेच नको म्हटलं. तिच्या भावाने तिला कधीच सांगून टाकलंय की आमचं नाव लावू नकोस, आणि नवऱ्याचं तिला लावायचं नाही. हेमा म्हणाली, "माझंही... नको." सुनीता म्हणाली, "मग नुसती नावं लिहा." हिरव्या दारावर पांढऱ्या अक्षरांत आता नलिनी आणि हेमा, एवढंच आहे.

तू असतास तर कपाळावर हात मारला असतास. "आडनाव नाही लिहिलं की लोक मुद्दाम थांबून विचारतात, विद्या, तुला कळत नाही." विचारतातच. काल मी तिथे असताना मागच्या गल्लीतली एक बाई आली. कोण, कुठल्या, आधी कुठे होतात, आणि मग नेमकं तेच, "आडनाव काय म्हणालात?" नलिनी माझ्याकडे बघायला लागली. हेमाने हात वर केला, थांबा, मी सांगते. आणि तिने सांगायला सुरुवात केली. पहिला शब्द काढला, थांबली, श्वास घेतला, परत पहिल्यापासून सुरू केलं. तिला यापेक्षा भराभर बोलता येतं, मला माहीत आहे. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि "असू दे, असू दे," म्हणत चालती झाली.

हेमा ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग नलिनीला म्हणाली, "दार... लाव."